सहावा दगड आणि मनगटावरचे घड्याळ

मॅरेथॉनसाठी घेतलेल्या जीपीएस घड्याळाबद्दल लिहिण्याआधी हे सांगितले पाहिजे की मी धावण्यात नवखा नाही. २००८ च्या जानेवारीत मुंबईतील मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर मी ३ तास १२ मिनिटांत पूर्ण केले होते. तेव्हा माझ्याजवळ एक साधे स्टॉपवॉच होते आणि आमच्या गावाहून तालुक्याला जाणाऱ्या रस्त्यावरचे हिरव्या डोक्याचे किलोमीटरचे दगड होते. पुढे शाळेची नोकरी, वडिलांचे आजारपण आणि चार एकरांचे वावर यांत पाच-सात किलोमीटरच्या पलीकडे जाणे सुटले ते सुटलेच. बावन्नाव्या वर्षी पुन्हा पूर्ण अंतरासाठी नाव नोंदवले, तेव्हा मुलाने आग्रह करून हे घड्याळ घ्यायला लावले. किंमत साडेपंधरा हजार रुपये. २०२४-२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये होता, म्हणजे दोन क्विंटल कापूस देऊनही वर साडेबाराशे रुपये घालावे लागले. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते एका मॉडेलपुरते नाही.

आधी अंतराबद्दल. जीपीएसला उंच इमारती आणि दाट झाडी यांचा अडथळा होतो, कारण उपग्रहाचा संदेश भिंतीवर आपटून उशिरा पोचतो आणि घड्याळाला आपण रस्त्याच्या पलीकडे असल्याचा भास होतो. आमच्याकडे दोन्ही बाजूंना पऱ्हाटी आणि तूर, वर मोकळे आभाळ. त्यामुळे या बाबतीत वर्धा जिल्ह्यातले खेडे मुंबईपेक्षा कितीतरी सोयीचे आहे. गावच्या फाट्यापासून दहाव्या दगडापर्यंत घड्याळाने १०.०३ किलोमीटर दाखवले, तेव्हा माझा त्यावर विश्वास बसला. मात्र मधले आकडे पाहून मी चक्रावलो. पाचव्या दगडापासून सहाव्यापर्यंत १,१३० मीटर आणि सहाव्यापासून सातव्यापर्यंत अवघे ८७०. चार वेगवेगळ्या दिवशी मोजले, फरक पाच-सात मीटरांचाच. रस्ता रुंद करताना सहावा दगड उपटून नाल्याच्या पुलापलीकडे पुन्हा रोवला असावा. जुन्या वहीत मात्र मी वर्षानुवर्षे लिहून ठेवले आहे की सहाव्या किलोमीटरला मला थकवा येतो आणि सातव्याला पाय मोकळे होतात! त्यावर उपाय म्हणून पाचव्या दगडाजवळ गुळाचा खडा तोंडात टाकण्याची सवयही मी लावून घेतली होती.

घड्याळाचे खरे मोल मला वेगळ्याच ठिकाणी कळले. पूर्वी जो वेगाने धावला आहे त्याला परतताना सर्वांत मोठा धोका स्वतःच्या आठवणीचा असतो. ‘आरामात’ म्हणजे किती, हे माझ्या अंगाने २००८ मध्ये ठरवून टाकले होते आणि तो हिशेब त्याने बदललेला नव्हता. पहिल्याच आठवड्यात, मनगटावर घड्याळ असूनही त्याकडे न पाहता, मी किलोमीटरला पाच मिनिटे या वेगाने सहज म्हणून निघालो आणि चौथ्या दिवशी डाव्या पोटरीत अशी चमक भरली की घरी चालत यावे लागले. तीन आठवडे गेले. दम परत यायला दोन-तीन महिने पुरतात, पण पोटऱ्या आणि टाचेमागच्या शिरा त्यापेक्षा बऱ्याच सावकाश तयार होतात, हे ठाऊक असूनही मी ते विसरलो होतो. त्यानंतर मी घड्याळात नाडीच्या ठोक्यांची वरची मर्यादा १४० ठेवली. ती ओलांडली की मनगटावर थरथर होते आणि मग पाय आवरावे लागतात. ऑक्टोबरच्या उन्हात हे इतके वारंवार होऊ लागले की मी अक्षरशः चालण्याच्या बेताला आलो. घाम गाळून रक्तातले पाणी कमी होते आणि अंग थंड ठेवण्यासाठी रक्त कातडीकडे वळते, त्यामुळे त्याच वेगाला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. कापूस वेचायला निघालेल्या एका बाईंनी मला त्या चालीत पाहून विचारले, ‘‘गुर्जी, बरं नाई वाटत काय जी?’’ घड्याळ नसते तर त्या प्रश्नानंतर मी नक्कीच वेग वाढवला असता.

ही मर्यादा ठरवताना एक काळजी घ्यावी. घड्याळ २२० मधून वय वजा करून कमाल ठोके धरते, म्हणजे माझ्यासाठी १६८. हे सूत्र सरासरीचे आहे, माणसामाणसांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज पडतो. डॉक्टरांकडून तपासणी करून घेतल्यावर मी एका माजी विद्यार्थ्याकडून छातीला बांधायचा पट्टा आणला आणि शाळेमागच्या टेकडीवर जोराने चार फेऱ्या केल्या, तेव्हा आकडा १७९ वर गेला. तो घड्याळात भरल्यावरच त्याचे इशारे माझ्या उपयोगाचे झाले. तोपर्यंत साध्या धावेलाही ते ‘अति श्रम’ म्हणत होते.

मनगटावरची नाडी मात्र नेहमी खरी नसते, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. घड्याळ खालून हिरवा प्रकाश टाकून कातडीखालच्या रक्ताची हालचाल मोजते. डिसेंबरच्या पहाटे हात गारठले की कातडीत रक्त कमी येते, आणि मग घड्याळ नाडीऐवजी पावलांचा ठेका मोजू लागते. एकदा संथ धावत असताना आकडा एकदम १६८ वर जाऊन तिथेच थांबला. मी थांबलो आणि गळ्याला बोटे लावून पंधरा सेकंद मोजले: ३३ ठोके, म्हणजे मिनिटाला १३२. माझी पावले मिनिटाला साधारण १६८ पडतात. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर आणि घट्ट बांधले, घरातूनच अंग गरम करून निघालो, तर हा घोळ बराच कमी होतो, पूर्ण जात नाही. काटेकोर मोजायचे असेल त्याने छातीच्या पट्ट्याचे पैसे आधीच वेगळे काढून ठेवावेत.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. धावताना मोबाईलच्या नेटवर्कची गरज पडत नाही, हे खेड्यातल्या माणसाला महत्त्वाचे आहे. नोंदी नंतर रेंजमध्ये आल्यावर चढवता येतात. आठवड्याला पाच दिवस धावून बॅटरी सहा दिवस टिकते, त्यामुळे वीज जाण्याचा त्रास झाला नाही. पण चार्जिंगची तार खास त्याच घड्याळाची असते. माझी तार उंदराने कुरतडली, तेव्हा तालुक्यात ती कुठेच मिळाली नाही आणि नागपूरहून यायला नऊ दिवस लागले. मराठी संदेश पडद्यावर चौकोन-चौकोन होऊन दिसतात. झोपेबद्दलचे सल्ले मी बंद करून टाकले, कारण पहाटे चारला उठणाऱ्याला ते रोजच नापास करतात.

जानेवारीत मुंबईत दोन गोष्टी लक्षात आल्या. डिसेंबरअखेर घड्याळाने माझा अंदाजित वेळ ३ तास ४८ मिनिटे दाखवला होता, प्रत्यक्षात लागले ४ तास २१ मिनिटे. हा अंदाज दम आणि छोट्या अंतरांवरचा वेग पाहून काढलेला असतो; तिशीच्या पुढच्या किलोमीटरांत पायांचे काय होणार आणि स्नायूंतली साखर केव्हा संपणार, हे त्याला कळत नाही. मी तो आकडा मनातून काढून टाकला होता, म्हणून पेडर रोडचा चढ धावत चढू शकलो. दुसरे असे की शेवटच्या रेषेवर घड्याळात ४२.६ किलोमीटर होते. अधिकृत अंतर वळणांच्या सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात, आपण गर्दीतून आडवेतिडवे धावतो आणि इमारतींमुळे जीपीएसही थोडे वाढीव मोजते. परिणामी घड्याळावर किलोमीटरला ६ मिनिटे ८ सेकंद असा सरासरी वेग दिसत होता, खरा होता ६ मिनिटे ११ सेकंद. ऐकायला तीन सेकंद, पण पूर्ण अंतराला दोन मिनिटांहून जास्त. विशिष्ट वेळ गाठायची असेल तर आपोआप पडणारे लॅप, म्हणजे घड्याळ स्वतःच्या मोजणीने दर किलोमीटरला करते त्या नोंदी, बंद करावेत आणि रस्त्यावरच्या प्रत्येक किलोमीटरच्या फलकापाशी स्वतः बटन दाबावे.

घ्यायचे असेल तर सर्वांत नवे मॉडेल घेऊ नये. नवे बाजारात आले की मागचे स्वस्त होते, आणि अंतर, वेळ, नाडी व थरथरणारा इशारा एवढे त्यातही असते. बटनांचे घ्यावे, नुसत्या स्पर्शाच्या पडद्याचे नको, कारण घामेजलेल्या बोटांना तो पडदा दाद देत नाही. आणि तारा सुरुवातीलाच दोन मागवाव्यात.