दारावरचं नाव हाताने कोरतो सांगून फॉन्ट माथी मारला

दारावर दगडात नाव कोरून घ्यायचा विचार असेल तर हे आधी वाचा, आमची सरळ सरळ फसवणूक झालीय आणि त्या माणसाचं काम अजून जोरात चालू आहे.

ठरलं होतं असं की 'विसावा' ही अक्षरं तो स्वतः हाताने रेखाटणार, मूळ मापात कागदावर दाखवणार आणि मग छिन्नीने कोरणार. बोलण्यात एकदम तयार. रोमच्या ट्राजन स्तंभावरचा इ.स. 113 चा लेख बघा, वरच्या ओळींची अक्षरं खालच्यांपेक्षा मोठी आहेत, उंचावरचं खालून बारीक दिसतं ना, असं सगळं सांगितलं, आणि अक्षरं मोठी आहेत हे खरंच आहे, म्हणून तर विश्वास बसला. हाताच्या कामाचे पैसे सगळे आधी घेतले. कागद मागितला की आज देतो उद्या देतो, शेवटी मोबाईलवर एक छोटासा फोटो पाठवला आणि आम्ही घरी नसताना दगड थेट बसवून मोकळा.

शिडीवर चढून जवळून बघितलं तेव्हा कळलं. छिन्नीची खाच इंग्रजी व्ही सारखी आत निमुळती होत जाते, तिच्यात सावली पडते म्हणून रंगाशिवायही अक्षर वाचता येतं. इथे खाच उथळ, तळ सपाट, वर काळा रंग ओतलेला आणि नखाने खरवडला तर निघतोय. म्हणजे मशीनचं काम. अक्षरं कम्प्युटरच्या फॉन्टची, नाव दगडभर पसरावं म्हणून स्पेसिंग वाढवलेलं, त्यामुळे शिरोरेघ तुटली आणि मधे तुकडे जोडलेत तेही कमीजास्त जाडीचे. 'वि'च्या वेलांटीची कमान व च्या दांड्यापर्यंत पोचतच नाही, अधांतरी लटकतेय. वाईट ह्याचं वाटतं की अंतरं पट्टीने मोजली तर सगळी सारखी आहेत! पण दोन उभ्या दांड्यांना जागा जास्त लागते आणि दांड्याशेजारी गोल पोट आलं तर कमी, त्यामुळे 'सा'मधले दांडे एकमेकांना चिकटल्यासारखे आणि पुढच्या 'वा'आधी भोक पडल्यासारखं दिसतं. अंतर डोळ्याने लावायचं असतं, हाताने काढणाऱ्याकडून अशी चूक होणारच नाही.

विचारलं तर म्हणतो दगडात असंच येतं. अजिबात नाही येत.

तुम्ही देणार असाल तर हाताने की मशीनने, खाच किती खोल, हे लिहून घ्या. मूळ मापाचा कागद दारावर चिकटवून माणसं जिथून बघणार तिथे उभं राहून बघा, आणि तो पसंत पडेपर्यंत दगडाला हात लावू देऊ नका, निम्मे पैसे तरी हातात ठेवा. आमच्या पावतीवर त्याने 'नाव कोरणे' एवढंच लिहिलंय आणि आता तेवढ्यावरच अडून बसलाय, की कोरलंय ना, मग झालं.