लॅव्हेंडर तेल आणि अल्ट्रासॉनिक डिफ्यूझर: चांगली जोडी, पण थेंब मोजून

अल्ट्रासॉनिक डिफ्यूझर म्हणजे तेलाचे थेंब टाकलेल्या पाण्याचं कंपनांनी सुगंधी धुकं करणारं छोटं यंत्र. संध्याकाळी मन निवांत करायला त्याची आणि लॅव्हेंडर तेलाची जोडी छान आहे. निद्रानाशावरचं औषध म्हणून घेणार असाल तर मात्र राहू द्या. बाटली गडद काचेची आहे आणि तिच्यावर ‘लॅव्हॅन्डुला अँगस्टिफोलिया’ हे अस्सल लॅव्हेंडरचं शास्त्रीय नाव स्पष्ट छापलंय, ही जमेची बाजू. लॅव्हँडिन हे लॅव्हेंडरचं संकरित, स्वस्त भावंड. त्यात कापराचा अंश जास्त, म्हणून वास उग्र येतो.

१०० मिली पाण्याला ३-४ थेंब पुरतात. अर्धा तास चालवा, खिडकी किंचित उघडी ठेवा, मग बंद करा. रात्रभर चालू ठेवलं की नाक सरावतं, वास येईनासा होतो. मग आणखी थेंब पडतात आणि डोकं धरतं.

डिफ्यूझरची खोड एकच: तळाच्या चकतीवर तेलाचा चिकट थर बसतो आणि धुकं मंदावतं. यंत्राचा प्लग काढून, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने चकती हलकेच पुसा. नखाने खरवडलंत तर ती कामातून गेलीच!

अंगाला लावायचं तर ३० मिली बदाम तेलात १२ थेंब, म्हणजे साधारण २ टक्के. थेट लावलं तर त्वचेची आग होऊ शकते. घरात मांजर, तान्हं बाळ किंवा दम्याचा रुग्ण असेल तर हे यंत्र घेऊच नका.