सोलापुरात एम्बेडेडचा ‘हँड्स-ऑन’ क्लास लावताय? पैसे भरायच्या आधी हे वाचा

डिप्लोमा झालेली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली पोरं आणि त्यांचे आईबाप, तुमच्यासाठी लिहितोय. क्लासचं नाव टाकत नाही कारण तक्रार चालू आहे, आणि नाव टाकून फार उपयोग पण नाही, ही लोकं पाटी बदलून दुसऱ्या चौकात परत दुकान मांडतात. त्यांची पद्धत ओळखायला शिका, ती सगळीकडे सारखीच आहे.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक मेंटेनन्सला आहे, लूमचे कंट्रोल बोर्ड, ड्राइव्ह, सेन्सर हे माझं रोजचं काम. धाकट्या बहिणीचा ई अँड टीसीचा (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉमचा) डिप्लोमा झालाय, चांगल्या मार्कांनी झालाय. तिला पुण्याला एम्बेडेडमध्ये, म्हणजे यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या चिपसाठी बोर्ड आणि प्रोग्राम बनवायच्या कामात, जायचं होतं, पण इंटरव्ह्यूला गेलं की सगळे विचारतात हातानं काय बनवलंस, आणि पॉलिटेक्निकला ८०५१ या जुन्या चिपवर एलईडी चालू-बंद करण्यापलीकडे फार काही झालेलं नसतं. हीच गरज ओळखून हे क्लासवाले बसलेले असतात. जाहिरात होती ‘शंभर टक्के हँड्स-ऑन, शंभर टक्के प्लेसमेंट, आर्म, आरटीओएस, कॅन, आयओटी, सगळं सहा महिन्यांत’, म्हणजे या क्षेत्रातले सगळे मोठे विषय. फी साठ हजार. कॉलेज सुटल्यावर गेटवरच पत्रकं वाटत होते.

बहीण आणि अप्पा दोघं चौकशीला गेले, मी शिफ्टला होतो. तिथल्या मॅडमनी आधी लॅब दाखवली, काचेच्या कपाटात डीएसओ (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र), फंक्शन जनरेटर, रोबोट, सगळं एकदम चकाचक. भिंतीवर प्लेसमेंट झालेल्या मुलांचे फोटो, आयएसओचं सर्टिफिकेट, एमएसएमई रजिस्टर्ड असा मोठा बोर्ड. अप्पा आयुष्यभर पॉवरलूमवर जॉबर, त्यांना सरकारी शिक्का दिसला की विश्वास बसतो, आणि तो बसावा म्हणूनच तर तो टांगलेला असतो की. एमएसएमईची उद्यम नोंदणी घरबसल्या ऑनलाइन, फुकट, आपणच आपली माहिती भरून होते, त्यात सरकार कुणाचा कोर्स येऊन तपासत नाही. आयएसओचं पण तसंच, ते कामाच्या पद्धतीबद्दल असतं, शिकवणारा कसा आहे त्याच्याशी त्याचा संबंध नाही.

मग पैशाची गोष्ट. एकदम साठ हजार जमणार नाहीत म्हटल्यावर मॅडम म्हणाल्या, “काका, टेन्शन घेऊ नका, महिन्याला पाच हजार, बारा हप्ते, व्याज झिरो.” बहिणीचा फोन मागून घेतला, आधार, पॅन, एक सेल्फी, दोन-तीन ओटीपी, झालं. फोन सगळा वेळ मॅडमच्या हातात. हे हप्ते क्लासचे नव्हतेच, ते एका फायनान्स कंपनीचं पर्सनल लोन होतं बहिणीच्या नावावर, कंपनीनं स्वतःचं कमिशन कापून बाकीची सगळी रक्कम क्लासला एका फटक्यात देऊन टाकली आणि बँकेत ऑटो-डेबिट लावून घेतलं. आता विचार करा, क्लासवाल्याचे पैसे पहिल्याच आठवड्यात मिळाले तर पुढं सहा महिने शिकवायची त्याला गरज काय राहिली? सगळ्या फसवणुकीचं मूळ इथं आहे. वर किटचे साडेसहा हजार रोख, त्याची पावती नाही, “जीएसटी वाचतो तुमचा” म्हणे.

डिजिटल लोनचे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, २०२२ पासून. लोन देताना खर्चाचं सगळं एका कागदावर द्यावं लागतं, त्याला की फॅक्ट स्टेटमेंट म्हणतात, आणि सुरुवातीला एक कूलिंग-ऑफ मुदत असते, तेवढ्यात लोन नको वाटलं तर मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन दंड न लागता बाहेर पडता येतं. ही मुदत फार थोडी असते, कधी कधी एखाद-दोन दिवसांचीच. म्हणून सही झाली त्याच रात्री मेलमध्ये आलेला करार उघडून बघा, तिथं कोर्स फी लिहिलंय की पर्सनल लोन लिहिलंय ते.

क्लास सुरू झाला. एका बॅचला वीसेक पोरं आणि चालू बोर्ड दोन. काचेच्या कपाटाची किल्ली कायम ‘सरांकडे’. शिकवणं म्हणजे प्रोजेक्टरवर रेकॉर्डेड व्हिडिओ आणि मधेमधे एक मुलगा येऊन शंका सोडवायचा. तो मुलगा आधीच्या बॅचचा, त्याला स्वतःलाच नोकरी लागलेली नव्हती, महिन्याला थोडे पैसे देऊन तिथंच ठेवून घेतलेला, आणि भिंतीवर प्लेसमेंटवाल्या फोटोंत त्याचा पण फोटो! त्या पोराला मी दोष देत नाही, त्याच्या पण नावावर तसंच लोन आहे.

बहीण एक दिवस रडकुंडीला येऊन म्हणाली, “दादा, माझा बोर्ड प्रोग्रामच घेत नाही, सर म्हणतात लॅपटॉप जुना आहे, नवीन घे.” मी किट उघडून बघितलं. माहितीपत्रकात चिप बनवणाऱ्या एसटी (एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स) कंपनीचा ओरिजिनल डिस्कव्हरी बोर्ड लिहिलेला, त्याच्यावरच डीबगर (प्रोग्राम टाकायचं आणि त्यातल्या चुका शोधायचं साधन) असतो. हातात काय दिलेलं, तर ब्लू पिल, तो छोटा निळा बोर्ड, आणि सोबत पेनड्राइव्हसारखा दिसणारा डुप्लिकेट एसटी-लिंक, म्हणजे एसटीच्या डीबगरची नक्कल. एसटीच्या क्यूबआयडीई सॉफ्टवेअरमध्ये डीबग करायला गेलं की ‘एसटीचं डिव्हाइस आहे याची खात्री करता आली नाही’ अशा अर्थाचा एरर येऊन बंद. लॅपटॉपचा काही संबंध नाही त्यात. चिपवर एसटीएम३२एफ१०३ छापलेलं होतं, पण आतली चिप वेगळीच. बाजारात अशा नकली चिप भरपूर आहेत, आणि ओळखायची एक सोपी खूण आहे, ओपनओसीडी या सॉफ्टवेअरनं कनेक्ट केलं की चिप आपला आयडी सांगते, खऱ्याचा ०एक्स१बीए०१४७७ येतो, बऱ्याच नकलींचा ०एक्स२बीए०१४७७. आमच्याकडे दोन आला. नकली चिपवर पण शिकता येतं, तो मुद्दा नाही, मुद्दा असा की ओरिजिनलचे पैसे घेऊन डुप्लिकेट दिला आणि वर पोरीला सांगितलं की तुझ्या लॅपटॉपमध्ये खोट आहे. ती पोरगी बिचारी महिनाभर स्वतःलाच मठ्ठ समजत होती, याचा राग मला पैशापेक्षा जास्त आहे.

किटमध्ये बाकी डीएचटी११ (तापमान-आर्द्रतेचा सेन्सर), एचसी-०५ ब्लूटूथ, १६ बाय २ चा एलसीडी, एक रिले (विजेनं चालणारा स्विच), ब्रेडबोर्ड, वायरी. ऑनलाइन सगळं मिळून हजार-बाराशेच्या आसपास येतं.

आणि प्रोजेक्ट! शेवटी ‘डाळिंबाच्या बागेसाठी ऑटोमॅटिक ड्रिप’ असा प्रोजेक्ट करायचा होता, आपल्याकडे सांगोला, मंगळवेढा भागात डाळिंब आहे म्हणून ऐकायला एकदम छान वाटतं. प्रत्यक्षात सगळ्या पोरांना एकच हेक्स फाइल दिली, ती टाकायची, फोटो काढायचा, रिपोर्टवर नाव बदलायचं. सोर्स कोड मागितला तर “कंपनीचं कॉन्फिडेन्शियल आहे.” हेक्स फाइल म्हणजे तयार झालेला मशीन कोड, त्यातून पोरगं काय शिकणार? मातीतला ओलावा मोजायचा तो दोन काट्यांचा स्वस्त सेन्सर दिलेला, सतत करंट चालू ठेवला तर त्याचे काटे ओल्या मातीत गंजून जातात, म्हणून रीडिंग घेतानाच त्याला सप्लाय द्यायचा किंवा कपॅसिटिव्ह सेन्सर वापरायचा, हे एका शब्दानं कुणी सांगितलं नाही. रिले मॉड्यूलवर ट्रान्झिस्टर आणि डायोड कशाला असतात, थेट चिपच्या पिनला रिलेची कॉइल का जोडायची नाही, हे पण नाही. रिलेच्या कॉइलला साठ-सत्तर मिलिअँपिअर लागतात आणि पिन एवढा करंट देऊ शकत नाही, आणि कॉइल बंद होताना उलटा झटका मारते तो डायोड खातो. कारखान्यात शेजारचा कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा स्विच) चालू-बंद झाला की बोर्ड रिसेट होतो, मग कळतं सप्लायमधले झटके शोषणारा डीकपलिंग कपॅसिटर का लावतात, अडकलेला प्रोग्राम परत सुरू करणारा वॉचडॉग का चालू ठेवतात. एम्बेडेड हे असं, बिघडवून आणि दुरुस्त करूनच शिकायचं काम आहे, नुसतं बघून ते येत नाही, विहिरीच्या काठावर बसून पोहायला येत नाही तसं.

प्लेसमेंटचं पण सांगतो. तिसऱ्या महिन्यात काही पोरांना पुण्याच्या एका कंपनीची ऑफर लेटर आली, पण जॉइन व्हायच्या आधी ‘लॅपटॉप डिपॉझिट’ म्हणून पैसे मागितले. लेटरवर कंपनीचा सीआयएन (सरकारी नोंदणीचा) नंबर नव्हता, मेल फुकटच्या जीमेलवरनं आलेला. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) साइटवर नाव टाकून बघितलं, अशी कंपनीच नाही. एक पोरगं तर हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन पत्ता शोधून आलं, तिथं कुणाचं तरी घर निघालं. नोकरीसाठी पैसे मागितले की तिथंच थांबा, कारण काहीही सांगू देत.

मग एक दिवस शटर खाली. ग्रुपवर मेसेज, ‘रिनोव्हेशन चालू आहे, क्लास ऑनलाइन होतील.’ दोन-चार ऑनलाइन झाले, मग फोन बंद. हप्ते मात्र चालूच! बहिणीच्या खात्यातून दर महिन्याला पाच हजार. फायनान्सवाल्यांना फोन केला तर म्हणे क्लासचं आणि तुमचं काय ते तुम्ही बघा, आमचा करार वेगळा आहे. बॅचमधल्या काहींनी रागानं खात्यातले पैसे काढून घेतले, हप्ता बाऊन्स झाला, दंड लागला, सिबिल खराब झालं. असं अचानक करू नका. आधी फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी मेल करा, सेवा बंद झाली आहे, पुरावे जोडलेत, वसुली थांबवा म्हणून. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. मात्र कंपनी रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे ना, ते आधी बघा, ॲपचं नाव आणि खऱ्या कंपनीचं नाव बऱ्याचदा वेगळं असतं.

आम्ही १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलिसात अर्ज दिला, आणि जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, क्लासवाला सोलापूर सोडून पळाला तरी आपल्याला त्याच्या गावात जायला लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. मुदत दोन वर्षं. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कोचिंगच्या फसव्या जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, नोकरीच्या हमीचे खोटे दावे त्यात बसतात, म्हणून ते ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चं पत्रक जपून ठेवा, तोच पुरावा आहे.

आता ज्यांनी अजून पैसे भरले नाहीत त्यांना. डेमोला गेलात की सरांना सांगा, डिले (प्रोग्राम थांबवून ठेवणं) न वापरता टायमर इंटरप्टनं (चिपमधल्या घड्याळाच्या इशाऱ्यानं) तीन एलईडी वेगवेगळ्या वेगानं चालवून दाखवा, आणि मग त्यातला एक वेग मला बदलू द्या. येणाऱ्याला हे दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. कपाटातला डीएसओ बाहेर काढायला लावा, यूएआरटीची (चिपमधून डेटा एकेक बिट पाठवणारी) पिन लावून ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाला, एक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंदांची दिसते का बघा. किल्ली सापडत नाही म्हणाले तर तिथून उठा. प्रत्येक सीटला एक बोर्ड मिळणार का, कोड माझा मला मिळणार का, मधे सोडलं तर फी किती परत, हे कागदावर सही-शिक्क्यानिशी मागा. फोटो लावलेल्या मुलांपैकी तिघांशी तरी स्वतः बोला, नंबर क्लासकडनं नका घेऊ, तुम्ही शोधा.

आणि साठ हजार घालायचेच असतील तर आधी फुकटातलं संपवा. आयआयटींच्या एनपीटीईएल साइटवर एम्बेडेडचे कोर्स फुकट बघता येतात, फक्त परीक्षेला फी असते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअलमध्ये आर्डुइनो आहे. टिंकरकॅड आणि वोकवीवर बोर्ड विकत न घेता ब्राउझरमध्येच सर्किट चालवून बघता येतं. इंजिनिअरिंग झालेल्यांना सीडॅक या सरकारी संस्थेचा डीईएसडी (एम्बेडेड सिस्टिम डिझाइनचा) डिप्लोमा आहे, प्रवेश सी-कॅट परीक्षेतून होतो. बहीण आता रविवारी माझ्याबरोबर बसते, कारखान्यातून भंगारात निघालेले बोर्ड घेऊन, आणि परवा तिनं एक एलसीडी आयटूसीवर (दोन वायरींच्या जोडणीवर) लावताना त्या वायरींना सप्लायकडे ओढून धरणारा पुल-अप रेझिस्टर नाही म्हणून चालत नव्हता ते स्वतः शोधून काढलं.

त्याच क्लासमध्ये अडकलेले कुणी हे वाचत असतील तर लोनचा करार, बँकेचं स्टेटमेंट, ग्रुपवरचे मेसेज आणि किटचे फोटो काढून ठेवा, ग्रुप डिलीट व्हायच्या आधी चॅट एक्सपोर्ट करा. आयोगाच्या परवानगीनं आपल्याला सगळ्यांना मिळून एकच तक्रार पण करता येते. आम्ही नऊ जण जमलोय, अजून या.