मसाल्याची वेबसाईट दुसऱ्यांदा बनवली, तेव्हा कुठे ऑर्डरी आल्या

आमचं अमळनेरला किराणा दुकान आहे आणि त्यालाच जोडून माझा खान्देशी काळा मसाला, उडदाचे पापड, बिबडे, उन्हाळ्यात कुरडया असा घरगुती धंदा. हा रिव्ह्यू आहे आमची वेबसाईट बनवणाऱ्या पोराच्या कामाचा. गावातलाच आहे, शिरपूरला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी करून परत आला, आता घरून ही कामं घेतो. नाव टाकत नाही कारण त्यानेच सांगितलं, ताई आत्ताच चार कामं अंगावर आहेत, अजून नका पाठवू. पाचपैकी चार स्टार देते. एक का कापला ते पुढे येईलच.

आधी पहिल्या वेबसाईटचं रडगाणं. २०२४ च्या फेब्रुवारीत इथे साहित्य संमेलन झालं तेव्हा बाहेरगावची माणसं दुकानात येऊन मसाला घेऊन गेली आणि जाताना जो तो विचारायचा, हे ऑनलाईन मिळतं का? झालं, आमचे मिस्टर पेटले. म्हणे ज्या गावात १९४५ ला विप्रो सुरू झाली त्या गावातल्या दुकानाला वेबसाईट नको? (तेव्हा ती तेल-तुपाची कंपनी होती, कॉम्प्युटरची नाही, पण यांना कोण सांगणार.) मग एका मोठ्या शहरातल्या एजन्सीला ३५ हजार दिले.

दिसायला एक नंबर हं. उघडली की पाच मोठे मोठे फोटो एकामागून एक सरकायचे, त्यात एक गोरी बाई कानाला हेडफोन लावून हसतेय. आमच्याकडे फोन मी उचलते, हळदीने पिवळ्या झालेल्या हाताने, ही बाई कोण माय? मसाल्याचा भाव बघायचा तर तीन पानं उलटायची. फोटो इतके जड की दुकानातल्या नेटवर पान उघडेस्तोवर गिऱ्हाईक चहा पिऊन येईल. मराठी मजकूर मी डीटीपीवाल्याकडून टाईप करून दिला होता, तो निघाला श्रीलिपीत (छपाईचा जुना फॉन्ट), साईटवर टाकला तर नुसती चित्रविचित्र अक्षरं. यांनी काय केलं, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही नीट दिसणाऱ्या अक्षरांत, परत टाईप करायचं सोडून अख्ख्या मजकुराचा फोटोच चिकटवला. आता फोटोतली अक्षरं मोबाईलवर मुंगीएवढी, आणि गुगलला तिथे मजकूर आहे हेच धड कळत नाही, म्हणजे 'खान्देशी काळा मसाला' असं कोणी शोधलं तरी आम्ही कुठेच नाही. संपर्काचा फॉर्म नऊ रकान्यांचा, तोही इंग्रजीत, आणि भरला की तो त्या एजन्सीच्याच ईमेलवर जायचा. हे आम्हाला सात महिन्यांनी कळलं!! तोवर त्या साईटवरून दोन फोन आले होते, एक पॅकिंग मशीन विकणाऱ्याचा आणि दुसरा वेबसाईट बनवून देऊ का म्हणणाऱ्याचा.

तर हा पोरगा. पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडलाच नाही. म्हणाला ताई, मी दोन दिवस गल्ल्याजवळ बसतो, तुम्ही फोनवर बोला, मी ऐकतो. वही घेऊन बसला आणि लोक काय विचारतात ते लिहीत गेला. तिखट किती आहे, यात लसूण आहे का (जैन गिऱ्हाईक हे पहिलं विचारतात), पाव किलो देता का, पुण्याला कधी पोचेल, पैसे आधी टाकायचे का, शेवभाजीला किती चमचे लागतो. सुरतवरून एका बाईंचा फोन आला तो तर पूर्ण अहिराणीत, "मसाला घरना शे ना?" (घरचा आहे ना?) हाही त्याने तसाच उतरवला. आणि मग ती वही म्हणजेच वेबसाईट, असं समजा. आता उघडलं की पहिल्याच स्क्रीनवर वाटीतल्या मसाल्याचा फोटो, भाव, तिखट किती त्याच्या मिरच्या, 'लसूण आहे, बिनलसणाचा वेगळा मिळेल' ही ओळ, आणि खाली अंगठ्याशी कायम चिकटलेलं हिरवं बटण: व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर करा. दाबलं की व्हॉट्सअ‍ॅप उघडतं आणि 'मला अर्धा किलो काळा मसाला पाहिजे' हा मेसेज आधीच लिहिलेला असतो, माणसाने फक्त पाठवायचं. फॉर्म वगैरे काही नाही. 'घरना शे' हे पण मोठ्या अक्षरात वर टाकलंय, मला आधी लाज वाटली होती, पण सुरत-नाशिककडची आपली माणसं तेच वाचून मेसेज करतात, वर अहिराणीतच बोलतात.

फोटो त्याने गच्चीवर सकाळच्या उन्हात माझ्याच मोबाईलने काढले. नंतर ते वेबपी की काय त्या प्रकारात हलके करून टाकले. गुगलचं पेजस्पीड म्हणून फुकटचं पान आहे, तिथे आपल्या साईटचा पत्ता टाकला की ती किती जलद उघडते ते कळतं, पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसली पाहिजे असं त्यांचं माप आहे. जुनी साईट टाकली तर सगळं लालभडक, नवी हिरवी. तुमची साईट असेल तर आत्ता टाकून बघा, एजन्सीवाल्याला विचारूच नका.

सगळ्यात खाली दुकानाचा फोटो, बोर्डासकट, पुढे सासूबाई खुर्चीवर बसलेल्या. मी म्हटलं हे काय रे, तर म्हणे अनोळखी माणूस पैसे आधी टाकणार तर त्याला दिसायला नको का कोणाला टाकतोय? त्याच्याखाली फूड लायसन्सचा १४ आकडी नंबर, पूर्ण पत्ता, गुगल मॅप, आणि तक्रारीसाठी माझं नाव नि नंबर. ऑनलाईन विकायचं तर पत्ता आणि तक्रारीसाठी नाव-नंबर २०२० च्या ई-कॉमर्सच्या नियमांप्रमाणे द्यावेच लागतात म्हणाला, एजन्सीने हा विषयसुद्धा काढला नव्हता.

कुरियरवरून आमचं भांडण झालं. मला वाटायचं कुरियरचे ८० रुपये शेवटी सांगावे, आधी सांगितलं तर लोक पळतील. तो म्हणे शेवटी सांगितलं तर शिव्या देऊन पळतील. दोन आठवडे माझ्या पद्धतीने ठेवलं, आणि खरंच, 'ठीक आहे सांगते' म्हणून लोक गायब. आता भावाशेजारीच कुरियर लिहिलंय, आणि मसाला, बिबडे, पापड असा एक किलोच्या वरचा कॉम्बो घेतला तर कुरियर आमच्याकडून. पाव किलोवाल्या निम्म्या बाया आता कॉम्बोच घेतात. (शेव पण टाकून बघितली होती कॉम्बोत, पोचेपर्यंत तिचा भुगा झाला, बंद केली.) पेमेंट गेटवे, म्हणजे साईटवरच पैसे भरायची सोय, अजून लावलं नाही, ते साधारण दोन टक्के आणि वर जीएसटी कापतात, रोज पाच-सात ऑर्डरींना यूपीआयचा क्यूआर पुरतो. दिवाळीच्या गर्दीत मात्र स्क्रीनशॉट तपासता तपासता माझे डोळे गेले, तेव्हा लावावं लागणारच.

डोमेनचं, म्हणजे साईटच्या पत्त्याचं, तेवढं नीट ऐका. जुन्या एजन्सीने ते स्वतःच्या नावावर घेतलेलं. म्हणजे दुकान आमचं आणि सातबारा त्यांच्या नावावर. सोडवायला ऑथ कोड, म्हणजे डोमेन दुसरीकडे हलवायचा गुप्त नंबर, लागतो, तो द्यायला त्यांनी दोन महिने फिरवलं. या पोराने डोमेन, होस्टिंग (साईट ठेवायची जागा), अ‍ॅनालिटिक्स (किती माणसं येतात त्याचा हिशोब) सगळं माझ्या ईमेलवर, माझ्या कार्डावर घेतलं, पासवर्ड वहीत लिहून दिले. त्याचे १८ हजार झाले, शिवाय दरवर्षी डोमेन-होस्टिंगचा खर्च वेगळा.

आता तो कापलेला स्टार. एक तर उशीर. एक महिना म्हणाला, अडीच लागले. दिवाळीच्या तोंडावर साईट सुरक्षित असल्याचं एसएसएल सर्टिफिकेट आपोआप नवं व्हायचं ते झालं नाही आणि दोन दिवस लोकांना 'ही साईट सुरक्षित नाही' असं दिसत होतं, हा लग्नाला गेलेला, फोन उचलेना. नंतर माफी मागितली आणि त्या वर्षीचं होस्टिंग स्वतः भरलं, ते खरं. मधेच '१० टक्के सूट' म्हणून अख्खी स्क्रीन झाकणारी चौकट लावली होती, बंद करायची फुली सापडत नव्हती, ती मी काढायला लावली.

आणि रेसिपी. कल्पना त्याचीच आणि चांगली होती, शेवभाजीची रेसिपी टाकली तर लोक गुगलवरून तिथे येतात आणि मसाल्याच्या ओळीशीच बटण असतं, साईटवर सगळ्यात जास्त माणसं याच पानावर येतात. मग म्हणाला भरिताची पण टाकू, मी म्हटलं टाक. बघते तर त्यात 'दोन चमचे खान्देशी काळा मसाला घाला'. भरितात काळा मसाला?! सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या पाच मिनिटं बोलल्याच नाहीत. अरे काड्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, बास. अमळनेरचा पोरगा तू! तर म्हणे ताई, चॅटजीपीटीने लिहिलं, मी वाचलं नाही. मसाल्याची ओळ त्याच दिवशी काढली. काल परत उघडून बघितलं तर वर फोटो जांभळ्या वांग्याचा, आपल्या भरिताचं वांगं हिरवं असतं बाबा. सांगितलंय त्याला, शनिवारी बदलतो म्हणाला.