मसाला-फराळाच्या पाकिटांसाठी बारकोड प्रिंटर आणि स्कॅनर: एक उन्हाळा, एक दिवाळी वापरल्यानंतर

सेट असा: चार इंची, २०३ डीपीआयचा (इंचाला २०३ ठिपके, म्हणजे डॉट), रिबनवर म्हणजे शाईच्या फितीवर चालणारा डेस्कटॉप प्रिंटर, वायरचा टू-डी (बारकोडसोबत क्यूआरही वाचणारा) स्कॅनर, ५० × २५ मिमीची लेबलं, एका ओळीत दोन. माल म्हणजे गोडा मसाला, मेतकूट, चकली, चिवडा. प्रिंटर कुठल्या कंपनीचा यावर फार डोकं लावू नका. लेबल कशावर चिकटणार आणि किती महिने टिकायला हवं, हे आधी ठरवा. मशीन त्यावरून ठरतं.

बिनरिबनचा, उष्णतेने थेट कागदच काळा करणारा डायरेक्ट थर्मल प्रिंटर स्वस्त पडतो. कुरिअरच्या १०० × १५० मिमीच्या लेबलाला तो उत्तम, कारण ते लेबल चार-आठ दिवस जगलं की झालं. पाकिटावर मात्र ऊन आणि तेल लागून त्याची छपाई विरते आणि एक्सपायरीच्या आधी तारीखच दिसेनाशी होते. रिबनमध्ये वॅक्स (मेणाच्या शाईची) रिबन आणि क्रोमो (गुळगुळीत लेपाचा) कागद ही जोडी सगळ्यात स्वस्त. मसाल्याच्या कोरड्या पाकिटाला पुरते. चिवडा-चकलीला नाही. तिथे पीपी (प्लास्टिक) फिल्मचं लेबल आणि वॅक्स-रेझिन (मेण आणि राळ मिसळलेली, जास्त टिकणारी) रिबन लागते. रोल घेण्याआधी नमुना मागवा, छापा, तेलाचं बोट लावा, दहा मिनिटांनी फडक्याने घासा. अक्षरं फरफटली तर तो रोल आपला नाही.

मशीनची किंमत बघताना रिबन किती मीटरची बसते ते विचारा. काही स्वस्त मॉडेलांत ७४ मीटरचीच बसते, काहींत ३०० मीटरची. २५ मिमी लेबल आणि ३ मिमी फट, म्हणजे ओळीला २८ मिमी रिबन जाते. ३०० मीटरमध्ये सुमारे २१,००० लेबलं निघतात, ७४ मध्ये जेमतेम ५,२००. दिवाळीच्या गर्दीत दर थोड्या वेळाने रिबन बदलत बसणं काय असतं ते वेगळं सांगायला नको. रिबन लेबलाच्या कागदापेक्षा थोडी रुंद घ्या, नाहीतर उघडा कागद हेडवर (छापणाऱ्या गरम पट्टीवर) घासून हेड झिजतं.

आता खरी गोम. स्कॅन न होण्याच्या बहुतेक तक्रारींत दोष स्कॅनरचा नसून बारकोडच्या मापाचा असतो. २०३ डीपीआयला एक डॉट ०.१२५ मिमीचा. सगळ्यात बारीक रेघ पूर्ण डॉटांतच बसली पाहिजे. ईएएन-१३ ला (दुकानातल्या मालावरचा नेहमीचा १३ आकडी बारकोड) ती किमान ०.२६४ मिमी लागते; २ डॉट म्हणजे ०.२५, कमी पडतात. म्हणून ३ डॉट घ्यायचे. दोन्ही बाजूंची कोरी जागा धरून बारकोड ४२.४ मिमीचा होतो आणि ५० मिमीच्या लेबलात नीट बसतो. बारकोडचं चित्र माऊसने ओढून लहान-मोठं केलं की काही रेघा २ डॉटच्या, काही ३ च्या छापल्या जातात. डोळ्याला सुंदर, स्कॅनरला निरुपयोगी. सॉफ्टवेअरमध्ये रेघेची रुंदी डॉटमध्येच द्या. घरगुती कोडसाठी कोड १२८ (अंक आणि इंग्रजी अक्षरं दोन्ही घेणारा बारकोड) वापरत असाल तर नुसते अंक ठेवा: ८ अंक ३ डॉटने ३७ मिमीत बसतात, १० अक्षरांना ६२ मिमी लागतात.

मनाने ८९० (भारतात दिलेल्या बारकोड क्रमांकांची सुरुवात) लावून आकडे बनवू नका. मॉलला किंवा ऑनलाइन विकायचं असेल तर बारकोड क्रमांक देणाऱ्या जीएस१ इंडिया या संस्थेकडून सहसा क्रमांक घ्यावा लागतो. फक्त आपल्या काउंटरपुरतं असेल तर २० ते २९ ने सुरू होणारे क्रमांक अंतर्गत वापरासाठीच राखलेले आहेत.

हीट (हेडची उष्णता) मध्यम ठेवून सुरुवात करा. जास्त झाली की रेघा फुगतात आणि मधल्या फटी बुजतात. छपाई गडद दिसते म्हणून माणूस खूश होतो आणि स्कॅनर गप्प. कागद सरकतो त्या दिशेने सगळ्या लेबलांवर एकच पांढरी रेघ दिसली तर हेडवर कचरा आहे. मशीन बंद करून, हेड गार झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खरं तर दर रिबन बदलताना पुसावंच, आणि मसाल्याच्या खोलीत तर नक्कीच. पुसूनही रेघ राहिली तर डॉट मेला. लेबल कागद सरकण्याच्या दिशेने पुरेसं लांब असेल (२५ मिमीत मावणार नाही) तर हेड बदलेपर्यंत बारकोड ९० अंशांत फिरवून छापा: मग ती पांढरी रेघ सगळ्या काळ्या रेघांना आडवी छेदते आणि कोड वाचला जातो. छपाई वर-खाली सरकायला लागली तर गॅप सेन्सर (दोन लेबलांमधली फट ओळखणारा) कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याला नव्या रोलची फट ओळखायला लावा. लेबलाचा रोल बदलला की हे करायचंच.

मराठी मजकूर विंडोजच्या ड्रायव्हरमधून, युनिकोड फॉन्टमध्ये छापा. प्रिंटरच्या आतल्या फॉन्टांत सहसा देवनागरी नसते.

स्कॅनर संगणकाला कीबोर्ड म्हणूनच दिसतो. त्यामुळे कीबोर्ड मराठीवर असताना स्कॅन केलं की कोडमधली इंग्रजी अक्षरं देवनागरी होऊन बिलात पडतात आणि माल सापडत नाही. बिलिंगच्या संगणकावर इंग्रजीच ठेवा. टू-डी स्कॅनर समोरचा यूपीआयचा क्यूआरही उचलतो. दराच्या रकान्यात भलताच मजकूर आला तर पेमेंटचा स्टँड बाजूला सरकवा किंवा मॅन्युअलमधला कोड स्कॅन करून क्यूआर वाचन बंद करा. चकचकीत पाकीट थोडं तिरकं धरलं की लगेच वाचलं जातं. आणि एक्सेलमधून कोड घेताना तो रकाना आधी टेक्स्ट करा, नाहीतर १३ आकड्यांचं 8.90E+12 होतं.