गूगल मॅप्सचं ‘महामार्ग टाळा’ बटण: नाशिकमध्ये कार शिकणाऱ्यांना कितपत उपयोगी?

नाशिकमध्ये कार शिकणाऱ्याला धास्ती असते ती एका रस्त्याची. मुंबई-आग्रा महामार्ग इथे शहराला वळसा घालून जात नाही, थेट मधून जातो. विल्होळीकडून येतो, पाथर्डी फाटा, मुंबई नाका, द्वारका करत गोदावरी ओलांडतो आणि आडगावकडे निघतो. द्वारकेला त्याला पुणे रस्ता मिळतो. सिडको, कॉलेज रोड, गंगापूर रोड, पंचवटी एका अंगाला राहतात. इंदिरानगर, वडाळा, नाशिकरोड दुसऱ्या अंगाला. म्हणून गूगल मॅप्समध्ये ‘महामार्ग टाळा’ हे बटण दिसलं की शिकणाऱ्याला हायसं वाटतं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. रस्ता निवडायला पाचपैकी तीन तारे, चालत्या गाडीत वाट दाखवायला दोन, आणि घरी बसून तयारी करायला पूर्ण पाच. कारण नाशिकमध्ये खरा प्रश्न महामार्गावर गाडी चालवण्याचा नाहीच, तो कुठे ओलांडायचा हा आहे. त्याचं उत्तर हे बटण देत नाही. ते आपणच ठरवून अ‍ॅपला सांगावं लागतं.

बटण कुठे आहे ते आधी पाहू. ठिकाण टाकून दिशा विचारल्यावर वरच्या कोपऱ्यात तीन ठिपके येतात. त्यात मार्गाचे पर्याय उघडले की महामार्ग, टोल आणि फेरीबोट टाळायची बटणं दिसतात. शहरात टोलच्या बटणाचा काही उपयोग नाही; शिंदे, घोटी, पिंपळगाव बसवंत हे टोलनाके सगळे बाहेर आहेत. महामार्गाचं बटण चालू करा आणि लगेच वरच्या चिन्हाकडे बघा. तिथे कार निवडलेली हवी. घरात स्कूटर वापरणाऱ्यांच्या फोनवर दुचाकीचा पर्याय तसाच राहिलेला असतो. गूगलने हा पर्याय २०१७ च्या डिसेंबरात भारतात आणला तोच दुचाकी जाईल अशा आडवाटांसाठी. तो चालू असेल तर अ‍ॅप बिनदिक्कत भद्रकालीतल्या बोळात पाठवेल, आणि तिथून नवशिक्याला रिव्हर्स घेत बाहेर पडणं महामार्गापेक्षा कठीण.

आता उणिवा. पहिली म्हणजे हे बटण रस्त्याचा दर्जा बघतं, शिकणाऱ्याची अडचण बघत नाही. कागदावर जो महामार्ग नाही तो त्याच्या लेखी चालतो, मग तो गावातल्या गर्दीतला रविवार कारंजा असो की शालिमार. उलट त्र्यंबक रोडसारखा रुंद, दुभाजक आणि सिग्नल असलेला रस्ता सकाळी सहाला ताशी तीसच्या वेगाने चालवायला सोपा असतो. दोन्ही बाजूंना दुचाक्या लावलेल्या गल्लीत समोरून छोटा हत्ती आला की क्लच, ब्रेक, आरसा आणि मागचा हॉर्न हे सगळं एकदम सांभाळावं लागतं. गाडी तिथेच बंद पडते. त्यामुळे बटण चालू आणि बंद, असे दोन्ही मार्ग शेजारी ठेवून बघायचे आणि वळणं मोजायची. त्यातही सिग्नल नसलेली उजवी वळणं वेगळी मोजायची. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे डावं वळण आपल्याच कडेने पार पडतं. उजव्याला समोरची अख्खी रांग कापावी लागते. महामार्ग टाळताना अशी उजवी वळणं दोनाची पाच होत असतील तर तो मार्ग सोडून द्या.

दुसरी अडचण उड्डाणपुलाची. शहरातून जाणाऱ्या लांब उड्डाणपुलावर वरून एक रस्ता, खाली दुसरा, आणि कडेला सर्व्हिस रोड. फोनच्या जीपीएसला जागा बऱ्यापैकी कळते, उंची नीट कळत नाही. गाडी खाली असताना अ‍ॅपला ती पुलावर वाटू शकते, मग सूचना भलत्याच येतात, मार्ग पुन्हा आखला जातो, आणि शिकणारा नेमका चौकात गोंधळतो. यावर उपाय एकच: मुंबई नाका ते के. के. वाघ कॉलेज या पट्ट्यात आवाज बंद, आणि कुठे वळायचं ते आधीच पाठ. चुकलं तर थांबायचं नाही, मागे यायचं नाही. सरळ पुढच्या सिग्नलपर्यंत जायचं.

सर्व्हिस रोड तर अनेकांना फसवतो. नावाने तो महामार्ग नाही, म्हणून बटण लावलेल्या मार्गात तो सहज येतो. पण त्यावर गॅरेज, उभे ट्रक, उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या आणि मुख्य रस्त्यावरून वेगात उतरणाऱ्या गाड्या असतात. पहिल्या पंधरा दिवसांत त्याच्या वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मग ओलांडायचं कुठे? राणेनगर आणि इंदिरानगरचे बोगदे नकाशात सर्वांत सरळ दिसतात, आणि अ‍ॅपही ते सुचवतं. सकाळी सात वाजेपर्यंत ते ठीक. ऑफिस सुटायच्या वेळी मात्र दोन्हीकडून वाहनं तोंडाशी अडकतात, बोगद्याबाहेर सर्व्हिस रोड आडवा येतो, आणि चढावर थांबून गाडी उचलावी लागते. ज्याला हाफ क्लचवर गाडी मागे न घसरू देता धरता येत नाही त्याने संध्याकाळी तिथे जाऊ नये. मुंबई नाका मोठा असला तरी पोलीस उभे असताना त्यामानाने बरा. द्वारका शेवटी ठेवा. तिथे इतक्या दिशांनी रस्ते येतात की कुठली गाडी कुठे वळणार याचा अंदाज सरावलेल्यालाही लागत नाही.

आता हे अ‍ॅपला सांगायचं कसं? मधले थांबे टाकून. तीन ठिपक्यांतच थांबा जोडायची सोय आहे, एका मार्गात नऊपर्यंत थांबे बसतात. इथे एक चूक हमखास होते: लोक दुकानाचं किंवा हॉटेलचं नाव थांबा म्हणून टाकतात. त्या दुकानाची खूण मागच्या गल्लीत किंवा दुभाजकाच्या पलीकडे असेल तर अ‍ॅप तिथवर नेण्यासाठी यू-टर्न घ्यायला लावतं. त्यापेक्षा नकाशा पुरता मोठा करा, रस्त्याच्या आपल्या बाजूवर बोट दाबून धरा आणि खूण टाका. ती वळणावर नको. वळण संपल्यावर पन्नासेक मीटर पुढे हवी, म्हणजे वळतानाच ‘पोहोचलात’ अशी घोषणा कानावर येत नाही. चार-पाच खुणांपेक्षा जास्त लागत असतील तर मार्गच अवघड आहे असं समजा.

उदाहरण म्हणून कॉलेज रोडहून पेठ रोडच्या आरटीओला जायचा मार्ग घ्या, कारण परीक्षेच्या दिवशी सगळ्यांना तिथेच जायचं असतं. अ‍ॅपवर सोडलं तर ते अशोकस्तंभ, रविवार कारंजा, होळकर पूल, पंचवटी कारंजा असं गावातून नेऊ शकतं. त्याऐवजी जुना गंगापूर नाक्यावरून चोपडा लॉन्सच्या पुलाने गोदावरी ओलांडायची, हनुमानवाडी, मग मखमलाबाद नाक्याच्या बाजूने पेठ रोड. पहिली खूण पूल संपल्यावर, दुसरी मखमलाबाद नाक्याच्या पुढे. गावातली गर्दी सगळी टळते आणि महामार्ग वाटेत येतच नाही. परीक्षेआधी हाच मार्ग तीन वेळा चालवावा, त्यातला एकदा नेमक्या परीक्षेच्या वेळेला.

पहिल्या आठवड्यासाठी गंगापूर रोडसारखा दुसरा रस्ता नाही. कृषीनगर जॉगिंग ट्रॅकच्या परिसरात गिअर आणि क्लच बसवून घ्यायचा, मग जेहान सर्कल, आनंदवल्ली, सोमेश्वर आणि पुढे गंगापूर गावापर्यंत. सर्कलला आधीच आत असलेल्या आणि उजवीकडून येणाऱ्या गाडीला जाऊ द्यायचं, मगच शिरायचं. सकाळी सहा ते सात ही वेळ उत्तम. सातनंतर शाळेच्या व्हॅन आणि रिक्षा सुरू होतात, त्या कुठेही थांबतात. शनिवार-रविवारी दुपारनंतर धरणाकडे आणि वायनरीकडे जाणाऱ्या गाड्यांमुळे हाच रस्ता अगदी वेगळा होतो. गिरणाऱ्याकडे पुढे जायचं असेल तर टोमॅटोचा हंगाम सोडून, आणि उजेडात. मालाने भरलेल्या पिकअप अरुंद रस्त्यावर मधोमध येतात आणि संध्याकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही.

नाशिकरोड स्टेशनला मात्र बटण हात टेकतं. वडाळा, डीजीपीनगर, अशोका मार्ग असं गेलं तर द्वारका चुकते, पण पुढे पुणे रस्त्यावर यावंच लागतं. तिथे घाबरायचं कारण नाही. दुभाजक आहे, सिग्नल आहेत. डावी लेन धरायची आणि एसटी थांब्याच्या आधीच वेग कमी करायचा. बसच्या मागून एकदम उजवीकडे काढायची नाही. औरंगाबाद रोडबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे मिरची हॉटेल चौकात खासगी बस आणि ट्रकची धडक होऊन लागलेल्या आगीत १२ जणांचा जीव गेला. अवजड वाहनं रात्रभर ज्या चौकातून जातात तो चौक पहाटे रिकामा दिसला म्हणून सरावाला निवडू नये.

बटणापेक्षा शिकणाऱ्याला जास्त उपयोगी पडतं ते गूगलचं स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे रस्त्यावरून काढलेले फोटो. जुलै २०२२ मध्ये ते भारतात सुरू झालं तेव्हाच्या पहिल्या दहा शहरांत नाशिक होतं. आदल्या रात्री लॅपटॉपवर बसून प्रत्येक वळण रस्त्याच्या उंचीवरून बघा: दुभाजकाची फट कुठे आहे, सिग्नल खांबाच्या कुठल्या बाजूला आहे, डावीकडची सरळ जायची लेन संपते का. वळणाआधीची एक खूण मनात ठेवा, मंदिर, पेट्रोल पंप, झाड, काहीही. गाडी चालवताना ‘२०० मीटरवर’ हे डोक्यात शिरत नाही, ‘पंपानंतर’ हे शिरतं. फोटोवर महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं, ते नक्की बघा. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची कामं निघाली आहेत. जुन्या फोटोतली फट आज बंद असू शकते. लॅपटॉपवर मार्गाची निळी रेघ ओढून हवी तशी वळवता येते हाही मोठा फायदा, पण ओढलेला मार्ग फोनवर पाठवल्यावर तसाच राहिला का ते तपासा. गूगलच्याच माय मॅप्समध्ये स्वतः काढलेली रेघ तर बघण्यापुरतीच. तिच्यावरून आवाजी सूचना मिळत नाहीत.

अरुंद रस्ते टाळायची सोय गूगलने जुलै २०२४ मध्ये जाहीर केली खरी, पण सुरुवातीच्या आठ शहरांत नाशिक नव्हतं. नाशिकला ती तेव्हाच हवी होती.

दुसरी अ‍ॅप? ओएसएमअँडमध्ये ‘मोटरवे टाळा’ आहे, पण नाव बघून फसू नका. त्याचा नकाशा ज्या ओपनस्ट्रीटमॅपवरून येतो त्यात भारतात मोटरवे म्हणजे फक्त समृद्धीसारखे बंदिस्त द्रुतगती मार्ग. मुंबई-आग्रा महामार्ग खालच्या वर्गात नोंदला जातो, त्यामुळे बटण लावूनही तो मार्गात येतो. याच अ‍ॅपची खरी ताकद दुसरीकडे आहे: नकाशावर बोट ठेवून ठरावीक रस्ता कायमचा टाळता येतो. द्वारकेला येणारे सगळे रस्ते एकदा टाळून ठेवले की विषय संपला. शिवाय ठरवलेला मार्ग फाइल म्हणून साठवून त्यावरूनच चालता येतं. वेळ घालवायची तयारी असेल तर हे घ्या. मॅपल्समध्ये गतिरोधक आणि खड्ड्यांच्या सूचना येतात, चौकांची चित्रं दिसतात. पावसाळ्यात बरं वाटतं.

पावसाळ्यात कुठल्याच अ‍ॅपवर विसंबू नका. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागलं अशी बातमी आली की गोदाघाटाकडचे रस्ते त्या दिवसाच्या यादीतून काढून टाका, नकाशावर ते निळे दिसत असले तरी.

गाडीत फोन शिकणाऱ्याच्या समोर नको. वाट बघण्यापुरता फोन वापरायला नियमाने मुभा आहे, पण पहिल्या महिन्यात नजर स्क्रीनवर गेली की स्टिअरिंगही तिकडेच जातं. शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती बसणं कायद्याने सक्तीचंच आहे, फोन तिच्या हातात द्या. तिने वळण दोनदा सांगावं: एकदा दोन चौक आधी, एकदा शंभर मीटरवर, आणि दोन्ही वेळा खुणेसकट. पुढे-मागे ‘एल’ची पाटी नियमाप्रमाणे लावा: किमान १८ सेंटीमीटर बाजूची चौरस, पांढऱ्यावर लाल, अक्षर १० सेंटीमीटर उंच. मागचा हॉर्न थोडा तरी कमी होतो.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्यासाठीची परीक्षा ३० दिवसांनंतर देता येते. या दिवसांत बटण चालू ठेवा. पक्कं लायसन्स हातात आल्यावर मात्र पर्यायांत जाऊन ते बंद करा, कारण अ‍ॅप ते लक्षात ठेवतं. नाहीतर पुढे कधी घरातलं कुणी रात्री मुंबईला निघेल, अ‍ॅप मुकाट्याने आडरस्त्याने नेईल, आणि कारण लक्षात येईपर्यंत गाडी भलत्याच गावात असेल.