लॉस एंजेलिसमधलं वाहाका: मोलेच्या आधी त्लायुदा मागवा

लॉस एंजेलिसमध्ये वाहाकाच्या, म्हणजे मेक्सिकोतल्या एका राज्याच्या, जेवणाची पाटी दिसली की बहुतेक जण थेट मोले मागवतात. फसगत तिथेच होते. मोले म्हणजे शेवटी मिरच्या-मसाल्यांचं वाटण. ते गावाकडे भाजून-परतून, डब्यात घट्ट दाबून इकडे येतं आणि महिनोन्‌महिने टिकतं. इथे त्यात कोंबडीचा रस्सा घालून उकळी आणली की काम झालं, त्यामुळे बेताच्या हॉटेलातही मोले बरं निघू शकतं. स्वयंपाकघराचा खरा कस लागतो त्लायुदात, कारण तिच्यातले निम्मे जिन्नस प्रवास करत नाहीत, ते इथेच बनवावे लागतात. (नकाशावर ओक्साका वाचाल. तिथले लोक वाहाका म्हणतात, तसंच म्हणा.)

त्लायुदा ही फूटभर ते सव्वा फूट व्यासाची मक्याची पोळी. भाकरीपेक्षा पातळ, खाकऱ्यापेक्षा चिवट. तिच्यावर डुकराच्या चरबीचा गाळ, काळ्या घेवड्याचं वाटण, केसियो नावाचं तारेचं चीज, कोबी, टोमॅटो, अवोकाडो आणि सोबत मांस.

आधी पोळीचं बघू. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी धुऊन वाटतात. किलोभर मक्याला साधारण दहा ग्रॅम चुना. दाणा चिमटीत चोळल्यावर साल सुटली पाहिजे. चुना कमी पडला तर साल राहते आणि पीठ बांधलं जात नाही. जास्त झाला तर पोळी पिवळट दिसते आणि जिभेला साबणासारखी लागते. या ओल्या पिठाला मासा म्हणतात. मेन्यूत 'मासा' वाचून कोकणी माणसाने खूश होऊ नये. वाहाकाच्या मध्य खोऱ्यात यासाठी बोलिता जातीचा मका वापरतात. पोळी कोमालवर, म्हणजे मातीच्या तव्यावर, नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवून तिच्यातलं पाणी उडवतात. म्हणूनच ती आठवडाभर टिकते आणि गावाहून येणाऱ्याच्या सामानातून इथवर पोचते. चांगल्या हॉटेलात पोळी बहुधा तिकडचीच असते आणि त्यात काही कमीपणा नाही.

नकली पोळी ओळखणं सोपं आहे. पाकिटातल्या कोरड्या पिठाची मोठी पोळी करून तेलात तळलेली किंवा ओव्हनमध्ये कडक केलेली असते. दाताखाली पापडासारखी मोडते आणि तुकडे ताटभर उडतात. खरी त्लायुदा कडेला कुरकुरते, मध्ये मात्र दाताने ओढून तोडावी लागते. पहिल्यांदा खाणाऱ्याला ती शिळी वाटते. शिळी नाही, ती तशीच असते.

दुसरी गोष्ट आसिएन्तो. लोणी कढवल्यावर तळाशी बेरी उरते ना, तसाच हा प्रकार. डुकराची कातडी आणि चरबी तळून चिचारोन करताना कढईच्या तळाशी जो तपकिरी, कणीदार गाळ बसतो तो. मेक्सिकोतून डुकराचे पदार्थ प्रवाशांना सामानातून अमेरिकेत आणू देत नाहीत, तेव्हा आसिएन्तो इथेच तयार व्हायला हवा. त्यासाठी हॉटेलात चिचारोन तळला जात असला पाहिजे किंवा कुणा खाटकाशी संधान तरी. तो त्रास नको असलेली हॉटेलं नुसती पांढरी चरबी फासतात. घेवड्याचा थर जरा बाजूला सारून खाली पाहा. तपकिरी ठिपके दिसले तर आसिएन्तो. नुसता पांढरट, चकचकीत थर असेल तर चरबी, आणि तिला काही म्हणजे काही चव नसते.

घेवड्याच्या वाटणाला बडीशेपेसारखा वास यायला हवा. तो येतो अवोकाडोच्या पानांमुळे. सुकलेली पानं तव्यावर भाजून वाटणात घालतात. कॅलिफोर्नियात परसात अवोकाडोची झाडं रगड आहेत, पण ती बहुतेक हास जातीची, त्यांच्या पानांना हा वास जवळजवळ नसतोच. शेजाऱ्याच्या झाडाची पानं तोडून भागत नाही. वाहाकाच्या किराणा दुकानातून सुकी पानं आणावी लागतात.

केसियो म्हणजे गरम पाण्यात ताणून लांब पट्ट्या केलेलं आणि लोकरीच्या गुंड्यासारखं गुंडाळलेलं चीज. खारट, किंचित आंबट. सुपरमार्केटमधलं 'वाहाका चीज' बहुधा मोझरेलाचा भाऊ असतं. त्लायुदा आल्यावर पाचेक मिनिटं थांबा. किसलेल्या स्वस्त चीजला तेल सुटतं आणि वर रबरी साय धरते. केसियोचे दोरे थंड झाल्यावरही सुटे ओढता येतात.

आता वाढण्याची पद्धत. वाहाका शहरात रात्री रस्त्यावर ती दुमडून थेट निखाऱ्यावर ठेवतात आणि मांस बाजूला भाजतात. लॉस एंजेलिसच्या बऱ्याच हॉटेलांत ती पिझ्झासारखी उघडी येते. चारजणांत वाटून खायला सोयीची, पण कोबी-टोमॅटोचं पाणी सुटून दहा मिनिटांत मधला भाग गळाठतो. 'दोब्लादा' म्हणून सांगा, म्हणजे दुमडून. निखारे असतील तर आनंदाने करून देतात. नुसता गॅसचा तवा असेल तर आग्रह धरू नका, आतलं चीज वितळेपर्यंत बाहेरची पोळी करपते.

मांसात तासाहो मागवून पाहा. गोमांसाची पातळ, लांब चादर काढून, मीठ लावून थोडी सुकवलेली असते. जाड, रसरशीत तुकडे आले तर तो साधा भाजलेला स्टेक आहे, तासाहो नव्हे. सेसिना म्हणजे मिरची लावलेलं डुकराचं मांस, आणि चोरिसो छोट्या गोळ्यांच्या माळेत येतो.

कुठे जायचं? कोरियाटाऊनमध्ये ऑलिम्पिक बुलेव्हारवर गेलागेत्सा आहे. 1994 साली वाहाकातून आलेल्या लोपेस कुटुंबाने ते सुरू केलं आणि 2015 मध्ये त्याला जेम्स बिअर्ड फाउंडेशन या अमेरिकेतल्या खाद्यसंस्थेचा 'अमेरिकाज क्लासिक्स' सन्मान मिळाला. ऐसपैस जागा, मोठं कुटुंब घेऊन जायला उत्तम, आणि मोलेंचे प्रकार एका छपराखाली चाखायचे तर हेच. दुमडलेल्या, निखाऱ्यावरच्या त्लायुदासाठी मात्र साउथ लॉस एंजेलिसकडचं पोंचोज त्लायुदास हे नाव लक्षात ठेवा. शुक्रवार संध्याकाळच्या त्लायुदांवर त्यांचं नाव झालं. तिथली मोरोंगा, म्हणजे रक्ताचं सॉसेज, चुकवू नये. निघण्याआधी त्यांचा दिवस आणि वेळ बघून घ्या. बाकी पिको बुलेव्हारच्या आसपास लहान हॉटेलं, बेकऱ्या आणि किराणा दुकानं आहेत, त्यांना वरच्या कसोट्या लावाव्यात.

मोले खायचंच असेल तर मोले नेग्रो, म्हणजे काळं मोले. यात मिरच्यांच्या बिया वेगळ्या काढून पार कोळसा होईपर्यंत जाळतात, मग पाण्यात भिजवून कडवटपणा काढतात. काळ्या वाटणासाठी खोबरं काळपट होईपर्यंत भाजणाऱ्या खानदेशी घरांना हे चटकन कळेल. रंग जळण्यातून येतो, चॉकलेटमधून नाही. चॉकलेट असतं ते थोडंसं, शेवटी. गोडसर आणि तपकिरी मोले नेग्रो आलं तर समजा, जाळायला घाबरले. मूळची चिलवाक्ले मिरची महाग आणि दुर्मीळ असल्याने इथे तिच्या जागी बहुधा मुलातो आणि पासिया या मिरच्या येतात. तेवढं माफ आहे. गोड लागणार नाही असं मोले हवं असेल तर चिचिलो विचारा, पण ते फार थोड्या ठिकाणी मिळतं.

शाकाहारी मंडळींनी जपून. आसिएन्तो डुकराचा, घेवड्याच्या वाटणात बहुतेकदा चरबी, मोलेत कोंबडीचा रस्सा. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर तुकडे काढून बाकी सगळं तसंच येतं. 'सिन आसिएन्तो, सिन मान्तेका' असं स्पष्ट सांगा. सिन म्हणजे विना, मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. घेवडा आधीच चरबीत परतून ठेवलेला असेल तर तो वगळायला सांगून भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे चीज भरून दुमडलेली पोळी, मागवावी. केसियोसाठी दूध फाडायला वापरलेलं रेनेट प्राणिज असू शकतं, पाळणाऱ्यांनी तेही विचारावं.

पेयांत तेहाते दिसलं तर सोडू नका. मका, कोको, मामेय फळाची बी आणि कोकोफूल एकत्र वाटून, हाताने घुसळून वर पांढरा फेस आणतात. फेस हेच त्याचं वैभव. तो बसलेला असेल तर पेय सकाळचं आहे, घेऊ नका. चॉकलेट मात्र पाण्यातलं मागा, दुधातलं नको. ते मोलिनियो नावाच्या लाकडी रवीने तळहातांत फिरवून घुसळतात, आणि त्यात बुडवायला अंड्याचा पाव येतो.

घरी करायची असेल तर दुकानातून कोऱ्या त्लायुदा घ्या.  कापडात गुंडाळून बाहेर ठेवा. लोखंडी तवा मंद आचेवर, पोळीवर पाण्याचा हलका हबका, मग घेवडा आणि केसियो, आणि चीज सुटायला लागलं की दुमडून दोन्ही बाजूंनी दाबून भाजायची. शाकाहारी घरात आसिएन्तोच्या जागी चमचाभर तुपाची बेरी चिमूटभर मीठ घालून फासा. वास वेगळा येतो, कणीदारपणा अगदी तोच.